सेन्सर बदलण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, त्यातल्या वैतागासकट. तापमानाचा दिवा लागतो, इंजिनाची ताकद उतरते, बूम (पुढचा उचलणारा हात) जेमतेम उचलतो, आणि चावी बंद करून पुन्हा दिली की बराच वेळ काही झालंच नव्हतं असं मशीन चालतं. मिस्त्री म्हणतो, "नवा सेन्सर आणा," म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणारा. आणू नकोस. निदान अजून तरी नको. नवा बसवूनही दोष राहिला की मग "ईसीएम (इंजिनाचा संगणक) गेला" हे ठरलेलं वाक्य येतं, आणि तिथून पुढे खर्चाला धरबंध राहत नाही.

इंजिन खरंच तापतंय का, हे आधी ठरव. ते डिस्प्लेवरून कळणार नाही, कारण संशय त्याच्याच बातमीवर आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर घे आणि दिवा लागल्या क्षणी थर्मोस्टॅट हाऊसिंगवर, सेन्सरच्या अगदी शेजारी, आकडा बघ. चकचकीत धातूवर हे थर्मामीटर कमी दाखवतं, म्हणून त्या जागी आधीच काळ्या, चमक नसलेल्या रंगाचा ठिपका मारून ठेव. हाऊसिंगचा बाहेरचा धातू आतल्या पाण्यापेक्षा थोडा थंड असणारच, तेवढा फरक सोडून दे. डिस्प्ले १०८ म्हणतोय आणि हाऊसिंग ८५ च्या आसपास आहे, तर इंजिन निर्दोष. दोन्ही जुळले, तर मल्टीमीटर पेटीत ठेव आणि रेडिएटरकडे वळ. हायड्रॉलिक ऑइल कूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतील, तर त्यांच्या मधल्या फटीत साचलेला कचरा बाहेरून दिसतच नाही. त्यानंतर बेल्ट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप.

कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) पातळीही बघच, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावर. १ बार दाबाच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. १०५ वर झाकण काढलंस तर दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. पातळी खाली गेली असेल तर सेन्सरचं टोक पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत लोंबतं आणि आकडा वेडावाकडा नाचतो. त्यात सेन्सरचा काही दोष नसतो.

आता सेन्सरबद्दल. आत एक थर्मिस्टर असतो: उष्णता वाढली की त्याचा रोध कमी होतो. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण एका प्रचलित प्रकारात २० अंशांना साधारण २५०० ओहम, ८० ला ३२५ च्या आसपास आणि १०० ला १९० च्या आसपास भरतात. ईसीएम आपल्या आतल्या रोधातून ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते बघतो. वायर तुटली तर पूर्ण ५ उरतात, म्हणजे त्याच्या लेखी कडाक्याची थंडी. वायर बॉडीला टेकली तर शून्य, म्हणजे आग.

म्हणून तू पाठवलेला "टेम्परेचरचा कोड" मला अर्धवट वाटतो. पूर्ण कोड हवा. मशीन 'जे १९३९' (J1939, अवजड यंत्रांतली दोष सांगायची ठरलेली पद्धत) वापरून कोड देत असेल तर त्यातला एसपीएन दोष कशात आहे ते सांगतो. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान, आणि खरी गोष्ट त्यापुढच्या एफएमआयमध्ये, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्यात असते. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट उघडं, २ म्हणजे सिग्नल भरकटलेला. पण ० किंवा १६ आला, तर ईसीएम वायरिंगची तक्रार करतच नाहीये. त्याच्या मते पाणी खरोखर तापलंय.

पुढची तपासणी चावी देऊन, इंजिन न चालवता. कनेक्टर काढ: एफएमआय ३ किंवा ५ यायला हवा. मग हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिना बारीक वायरनं जोड: ४ यायला हवा. कोड असा पालटला तर वायरिंग आणि ईसीएम शाबूत, सेन्सर बदल. पालटला नाही तर नव्या सेन्सरनं काहीही होणार नाही. डिस्प्लेच्या आकड्यावर मात्र इथे जाऊ नकोस, काही ईसीएम दोष दिसताच ठरावीक आकडा धरून बसतात आणि पंखा पूर्ण वेगानं फिरवतात. आणि ही जोडाजोड फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर. प्रेशर सेन्सरला तीन वायरी असतात, तिथे हा प्रयोग केलास तर ५ व्होल्टचा पुरवठाच शॉर्ट होऊ शकतो. पिनेत जाड प्रोब खुपसू नकोस. तिचं तोंड पसरलं की नवा दोष आपणच जन्माला घातला.

तुझ्या मशीनवर दिवा गरमीचा लागतो, तोही मधूनमधून. थर्मामीटरनं इंजिन निर्दोष ठरवलं तर माझा पहिला संशय घासलेल्या वायरवर. हार्नेस ब्रॅकेटवरून वळतो ती जागा आणि क्लॅम्प सुटलेली जागा बोटांनी चाचपून बघ. इंजिन चालू ठेवून, पंखा-बेल्टपासून हात लांब राखून, हार्नेस लाकडी दांड्यानं हलव आणि दुसऱ्याला डिस्प्लेवर नजर ठेवायला सांग.

हे सगळं खोललंस की पिनाही साफ कर, मग दोष तिथे असो वा नसो. कारण उलटा दोष जास्त वाईट आहे आणि त्याला दिवाच लागत नाही. समज, पाणी खरंच १०० वर आहे आणि सेन्सर १९० ओहम देतोय. धुताना कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिनेवर हिरवा गंज चढलाय, त्यानं १३५ ओहमची भर घातली. ईसीएमला दिसतात ३२५, आणि तो खुशाल ८० अंश दाखवतो. ऑपरेटर निवांत, कोड नाही, हेड गॅस्केट मात्र भाजतंय.

सकाळी गार मशीनवर पाणी, हवा आणि डिझेल यांची तापमानं एकमेकांशी ताडून बघायची पद्धत आहे ना, ती चांगलीच आहे. रात्रभर उभ्या मशीनवर ती जवळपास सारखी यायला हवीत. पण हा गंज तिथे सापडणार नाही. २५०० मध्ये १३५ मिळवले तर फरक एखाद्या अंशाचा. म्हणून मोजमाप गरम इंजिनावरच कर. मशीन बंद कर, बॅटरी तोड, रोध आधी थेट सेन्सरवर मोज आणि लगेच, पाणी गार व्हायच्या आत, सेन्सरला जोडलेल्या हार्नेसच्या ईसीएमकडच्या टोकाला. दोन आकड्यांत ओहम-दोन ओहमपेक्षा जास्त फरक असेल तर तो वायरीत किंवा पिनांत आहे.

अजून एक. बऱ्याच इंजिनांवर तापमानाच्या सगळ्या सेन्सरांची परतीची वायर एकच असते. सगळे एकदम थंडी सांगू लागले तर ती वायर शोध. तीन सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. आणि जुन्या मशीनवर गेजचा सेंडर (काट्याच्या मीटरला तापमान कळवणारा भाग) ईसीएमच्या सेन्सरपेक्षा वेगळा असतो. त्याला एकच वायर असेल तर अर्थिंग आट्यांतून मिळतं, तिथे टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली की गेज चुकतं.

पूर्ण कोड, दिवा लागतानाचे दोन्ही आकडे आणि गरम इंजिनावरचे ओहम एवढं लिहून पाठव. तोवर मिस्त्रीला ईसीएमच्या डब्याला हात लावू देऊ नकोस. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
दिनू