तो अहवाल आम्हाला मराठीत समजावून सांगा

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच असणारी, वाढ आणि शिकणं सावकाश करणारी अवस्था. जन्माच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ही गोष्ट व्हरांड्यात माझ्या सासऱ्यांना सांगितली, मला नाही. ‘बाळंतीण आहे, एवढ्यात नको’ असं ठरलं. मला कळायला चार महिने गेले. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लगेच करायची असते, हेही तेव्हाच कळलं. लेकीच्या हृदयात छिद्र निघालं. लहान होतं, आपोआप भरलं. मोठं असतं तर?

गुणसूत्रांची तपासणी झाली. अहवाल इंग्रजीत आला आणि सासऱ्यांच्या कपाटात कुलूपबंद झाला. नणंदेचं लग्न जमायचं होतं. ‘घराण्यात खोट आहे’ असा बोभाटा झाला तर स्थळ मोडेल, ही भीती.

साखरपुड्याच्या दिवशी चार वर्षांच्या लेकीला वरच्या खोलीत ठेवलं. बाहेरून कडी मी स्वतः लावली. पाहुण्यांची पंगत उठल्यावर वर गेले, तर ती दाराला टेकून झोपली होती. अंगात नवं परकर-पोलकं, आणि माझ्या डब्यातल्या साऱ्या बांगड्या एकाच हातात, कोपरापर्यंत. तिला खाली यायचं होतं, साहेब.

त्या रात्री सासूबाई माझ्याजवळ बसून पहिल्यांदा बोलल्या. सासऱ्यांना एक धाकटी बहीण होती. घरात तिला बेबी म्हणत. मागच्या पडवीत वाढली, विशीच्या आत गेली. घरातल्या एकाही फोटोत ती नाही. तेच आता नातीत उतरलं, असं सासरे मनाशी धरून बसले होते. कुलूप खरं तर त्यासाठी होतं.

पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, जिथे अशा मुलांना लहानपणीच मदत मिळते, एका ताईंनी तो अहवाल आम्हाला वाचून दाखवला. ४७ गुणसूत्रं, २१ क्रमांकाचं एक सुटं, जादा. शंभरातल्या साधारण ९५ मुलांत असंच असतं, आणि ते घराण्यातून येत नाही. थोड्यांमध्ये गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला असतो. तेव्हा मात्र आईबापांचीही तपासणी करावी लागते. सासरे चष्मा पुसत राहिले. मग विचारलं, “आणि आमची बेबी?” ताई म्हणाल्या, “तपासणीच झालेली नाही आजोबा, काय सांगू?” परक्या माणसासमोर त्यांनी बहिणीचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

जादा गुणसूत्राचा शोध १९५९ सालचा. आमच्या कपाटात तर उत्तर पाच वर्षं पडून होतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात डाउन सिंड्रोम आहे, जिल्ह्याला केंद्रही आहे. म्हणून नवीन योजना मागत नाही. निदान झालं की ते आईला आणि वडिलांना एकत्र बसवून सांगावं, बाळ आईच्या मांडीवर असताना. व्हरांड्यात नको, आजोबांच्या कानात नको. अहवालासोबत मराठीत एक पानाचा खुलासा द्यावा. आणि समुपदेशनाला एकदा तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, कारण कुलपं त्यांच्या हातात असतात. खासगी रुग्णालयांनाही हे बंधनकारक करा.

त्या पानाचा मसुदा करायला आम्ही चार-पाच आया येऊ. सासरेही येतो म्हणालेत. पहिलं वाक्य काय असावं, ते त्यांनी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे: ‘यात कुणाचा दोष नाही, सुनेचा तर नाहीच.’

आपली,
एक आई, सांगली जिल्हा