जीवनसत्त्व ‘अ’चे पुढचे डोस चुकवू नका

महोदय,

नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेला लसीसोबत जीवनसत्त्व ‘अ’चा १ लाख युनिटचा डोस मिळतो. त्यानंतर दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचे आठ डोस द्यायचे असतात. हे पुढचेच राहून जातात. वाघोली, हिंजवडीकडे बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांत तर सर्रास. कार्ड गावी राहते आणि साइट बदलली की अंगणवाडीही सुटते.

दिवेलागणीला मूल चाचपडत चालू लागले, तर घरचे त्याला धांदरट म्हणून रागावतात. खरे तर तो जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याने होणारा रातांधळेपणा असू शकतो. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसला, तर काजळ किंवा घरातले थेंब अजिबात घालू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. वेळीच औषध मिळाले तर रातांधळेपणा लवकर बरा होतो. बुबुळ मऊ पडून फुटले तर मात्र गेलेली नजर परत येत नाही.

आपल्याकडे शेवग्याच्या शेंगा हौसेने खातात आणि पाला टाकून देतात, याचे फार वाईट वाटते. तो पाला, लाल भोपळा, पपई मुलांना द्या. भाजीत थोडे तेल हवेच, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. जास्तीचे डोस मनाने देऊ नका, यकृताला अपाय होतो.

महापालिकेने मजूर वस्त्यांवर संध्याकाळी, आईवडील कामावरून परतल्यावर, हे डोस द्यावेत.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, हडपसर, पुणे