आयडी सॉफ्टवेअरचा इतिहास तपासून देणाऱ्या सरांस जाहीर पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

गिरगावातील वाचनालयात मी गेल्या महिन्यात ‘आयडी सॉफ्टवेअर’ या अमेरिकी गेम कंपनीच्या इतिहासावर व्याख्यान दिले. त्यात आपला वाटा किती होता, हे व्यासपीठावरून सांगायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

माझा पहिला मसुदा आपण लाल पेनाने रंगवून परत केलात, तेव्हा मला थोडा रागच आला होता. मी थेट या कंपनीच्या १९९३ च्या ‘डूम’ या गेमपासून सुरुवात केली होती आणि कंपनीचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांना जवळजवळ अवतारपुरुष करून ठेवले होते. समासात आपण एवढेच लिहिले होते : “आधी पडदा सरकत नव्हता, ते सांग.”

ते सांगायचे कसे, हेही आपणच दाखवलेत. १९९० साली पीसीवर खेळाचे दृश्य सलग सरकवणे अवघड होते, कारण दर वेळी सगळा पडदा नव्याने रंगवण्याइतका वेग त्या यंत्रांत नव्हता. आपण भिंतीवरचे कालनिर्णय काढून टेबलावर पसरलेत आणि पुठ्ठ्याची चौकट त्यावरून हळूहळू सरकवलीत. कारमॅक यांनी पडद्यापेक्षा किंचित मोठे चित्र ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ठेवले, ते कुठून दाखवायचे तो आरंभबिंदू हलवला आणि जे चौकोन खरोखर बदलले तेवढेच पुन्हा रंगवले. आकाशाच्या जागी आकाशच येणार असेल, तर त्याला हात लावायचा नाही. व्याख्यानात मीही चौकट आणि कॅलेंडरच वापरले, आणि संगणकाशी कधी संबंध न आलेल्या आजींनाही ते समजले.

याच युक्तीवर ‘कमांडर कीन’ हा गेम उभा राहिला आणि १४ डिसेंबर १९९० रोजी ‘अपोजी’ या प्रकाशक कंपनीमार्फत प्रसिद्ध झाला. तेव्हा कारमॅक आणि त्यांची मित्रमंडळी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे ‘सॉफ्टडिस्क’ या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती आणि शनिवार-रविवारी कचेरीतले संगणक तळ्याकाठच्या घरी नेऊन काम करीत असत. मी या प्रकाराचा जिद्द म्हणून गौरव केला होता. “मालकाला विचारले होते का?” असे आपण विचारलेत. विचारले नव्हते, पुढे तडजोड म्हणून त्यांना सॉफ्टडिस्कसाठी गेम बनवून द्यावे लागले, हे वाक्य त्यामुळेच व्याख्यानात आले. कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक (हे जॉन यांचे नातेवाईक नव्हेत) यांनी १ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘आयडी सॉफ्टवेअर’ ही कंपनी स्थापन केली. ‘डूम’ बाहेर पडण्याआधीच कंपनी सोडलेल्या हॉल यांचे नाव मी गाळले होते. तेही आपण परत घालायला लावलेत.

सर्वांत मोठी दुरुस्ती ‘डूम’मधील भिंतींविषयीची. नकाशाचे आधीच दोन-दोन भाग पाडत झाडासारखी रचना करून ठेवायची, म्हणजे खेळताना कोणती भिंत जवळ आणि कोणती मागे, हे चटकन ठरते. ही कल्पना कारमॅक यांची, असे मी ठामपणे लिहिले होते. ती फुक्स, केडेम आणि नेलर यांच्या १९८० च्या शोधनिबंधातली आहे. कारमॅक यांनी ती साध्या घरगुती पीसीवर वेगाने चालवून दाखवली. एवढे लिहिल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही, हे मला आता पटते.

आपण माळ्यावरून ‘डूम’च्या मोफत भागाच्या दोन फ्लॉप्या काढून दिल्यात. त्यात पहिले ९ टप्पे होते आणि ते इतरांना वाटण्याची मुभा कंपनीनेच दिलेली होती. उरलेल्या १८ टप्प्यांसाठी पैसे भरावे लागत. (मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात ते १८ टप्पे कसे मिळत, हा परिच्छेद आपण काढायला लावलात, त्याची हळहळ अजून आहे.) डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने ‘डूम’चा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूरही, खुला केला.

दुसरी फ्लॉपी आता वाचली जात नाही. दोन्ही येत्या रविवारी परत आणून देते. कालनिर्णयाचे ते पान मात्र माझ्याकडेच राहू द्यावे, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
गिरगाव, मुंबई