आधणात पडण्याआधीची मूठ

ऐजॉल, रविवार दुपार

प्रिय आई, बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर हे बोलायला गेले की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच "जेवलीस का" वर येते. म्हणून लिहायला बसले. इथे रविवारी एकही दुकान उघडं नसतं. रस्त्यावर दिसतात ती चर्चला जाणारी नाहीतर चर्चहून परतणारी माणसं. सकाळची उपासना आटोपून आलेय, ढोल अजून कानात घुमतोय. (उपासनेत ढोल वाजतो हे आईला अजून पचलेलं नाही, ते माहीत आहे मला.)

आधी नाताळातलं. बाबा, तुमची ती हिशोबाची वही मी तुम्हाला न विचारता उघडली. "पेन्शन जमा" च्या खाली पहिलीच ओळ "दशमांश", त्याखाली वीज, गॅस, गोळ्या. स्वयंपाकघराचा पत्रा गळतोय, आई वर्षभर एकाच डोळ्याने सुईत दोरा ओवतेय, आणि पहिली ओळ चर्चला द्यायच्या दहाव्या भागाची! मी म्हणाले, "देव काय बँक आहे का, पगार झाला की आधी हप्ता कापून घ्यायला?" तुम्ही काही बोलला नाहीत. वही मिटलीत, ट्रंकेवर ठेवलीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. भांडून मोकळे तरी झालो असतो.

त्या प्रश्नाचं उत्तर मला इथे एका स्वयंपाकघरात सापडायला लागलंय. पूर्ण सापडलंय असं नाही.

माझी घरमालकीण सत्तरी ओलांडलेली आहे. सगळे तिला "पी" म्हणतात, म्हणजे आपल्याकडे "आजी" किंवा "बाई" म्हणावं तसं. तिच्या चुलीशेजारी झाकणाचा एक डबा असतो. दोन्ही वेळा तांदूळ मोजून घेतले की धुण्याआधी ती त्यातली एक मूठ त्या डब्यात टाकते. पाहुणे असोत, नसोत, ती मूठ चुकत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, उद्यासाठी शिल्लक ठेवत असेल. तिच्या मुलीने हिंदीत सांगितलं, "ये चर्च का है. बुहफाई थाम." बुहफाई म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. वस्तीतल्या बायका घरोघरी जाऊन ते तांदूळ गोळा करतात, ते विकतात आणि पैसे चर्चकडे जमा होतात.

ही रीत प्रेस्बिटेरियन बायकांनी 1910 साली सुरू केली. तेव्हा त्यांच्या हातात रोख पैसा जवळजवळ नव्हताच. हातात होता तो रोजचा तांदूळ. मग जे हातात आहे त्यातून द्यायचं ठरलं. आई, तू नेहमी म्हणायचीस ना, "पैसे आले की देईन म्हणणाऱ्याकडे पैसे कधी येतच नाहीत." बायबलमध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात हेच लिहिलंय: माणसापाशी जे असेल त्याप्रमाणे, नसेल त्याप्रमाणे नव्हे. मिझोरमचं चर्च आज स्वतःच्या पायावर उभं आहे. दुर्तलांगच्या टेकडीवर त्याचं हॉस्पिटल आहे, आणि भारताच्या दुसऱ्या राज्यांत ते स्वतःचे मिशनरी पाठवतं. 1894 साली इथे पहिले मिशनरी बाहेरून आले होते. आता माणसं इथून बाहेर जातात, आणि त्यांच्या पगारात पीच्या डब्यातले तांदूळ असतात. बँकेत बसून मी रोज मोठमोठे आकडे बघते, पण हा हिशोब मला अजून नीट पेलत नाही.

मूठ घ्यायची ती आधणात पडायच्या आधी, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जेवून उरलं तर देऊ असं नाही. उरतं कुठे? माझ्या पगारातून महिनाअखेर काही उरलंय असं गेल्या दहा वर्षांत मला आठवत नाही. पगार वाढला तसा फोन बदलला, मग गाडी, मग पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची गोष्ट बाबांनीच मला लहानपणी सांगितली होती. ऑक्सफर्डला असताना वर्षाला 30 पौंड मिळायचे, 28 मध्ये भागवून त्याने 2 दिले. पुढे मिळकत 60 झाली, 90 झाली, 120 झाली, पण तो 28 मध्येच राहिला आणि वरचं सगळं देत गेला. तेव्हा मी विचारलं होतं, "त्याला नवे कपडे नको होते का?" आता कळतंय की गोष्ट कपड्यांची नव्हतीच. आपल्या 28 चा आकडा कुठला, हे ज्याने ठरवलेलं नसतं त्याचा आकडा त्याचा पगार ठरवतो. बाबा, तुमच्या वहीतली ती पहिली ओळ म्हणजे तुमचा 28 चा आकडा होता, आणि मी त्याला हप्ता म्हणाले.

पीला मी एकदा मौतामबद्दल विचारलं. इथे साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी बांबूला फुलोरा येतो, त्याच्या बिया खाऊन उंदीर माजतात आणि मग शेतं फस्त करतात. 1911-12 मध्ये तसा दुष्काळ पडला, म्हणजे मुठीची रीत सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुन्हा पडला 1959 मध्ये, तेव्हा पी लहान होती. मी म्हटलं, "तांदूळच नव्हता तर मूठ कशातून काढलीत?" ती हसली. म्हणाली, "त्या वर्षी आमच्यासाठी दुसऱ्यांनी काढली."

मग मला पणजी आठवली. आपल्या घरात तिची गोष्ट ऐकली नाही असं कोणी नाही: 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंबरोबर केडगावला आलेली, आईबापांचं नावही धड न आठवणारी पोर. रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये ती जेवली, अक्षर शिकली, लग्न होऊन नगरला आली. ती ज्या ताटात जेवली त्यातलं अन्न कुणाच्या पैशाचं होतं? रमाबाईंपाशी इस्टेट नव्हती. मदत यायची ती दूरदूरच्या माणसांकडून, आणि त्यातल्या बहुतेकांनी केडगाव नकाशावरही पाहिलं नसेल. त्यांच्यातल्या कुणी "आधी आपला पत्रा नीट करू" असं म्हटलं असतं तर हे पत्र लिहायला मी नसते. पौल करिंथच्या त्याच पत्रात म्हणतो की आज तुमच्या पुरेपणातून त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्या पुरेपणातून तुमची. आपण नेहमी देणाऱ्यांच्या रांगेत उभे आहोत असं मला वाटायचं. आपलं घर आधी दुसऱ्या रांगेत होतं. बूथ हॉस्पिटलात माझा जन्म झाला, तेही साल्व्हेशन आर्मीला लोकांनी दिलेल्या पैशांतूनच उभं राहिलेलं.

आता थोडं कडू. बाबा, रागावू नका. टीव्हीवरच्या त्या प्रचारकाला तुम्ही दोनदा पैसे पाठवलेत, हे आईने सांगितलं नाही, मला पासबुकात दिसलं. "बी पेरा, शंभरपट उगवेल." बायबलातल्या मलाखीचा तिसरा अध्याय, दहावं वचन, आकाशकपाटे उघडतील वगैरे, त्याला तोंडपाठ आहे. पण त्याच अध्यायातलं पाचवं वचन मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तिथे देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला, अनाथाला, परक्याला छळणारे, यांच्याविरुद्ध मी साक्ष द्यायला येतो. आणि बायबलातल्या "अनुवाद" या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश कुणाला द्यायचा ते स्पष्टच लिहिलंय: देवाची सेवा करणारा लेवी, उपरी, अनाथ, विधवा. त्या यादीत विमान विकत घेणारा कुठेच नाही. शंभरपट मिळावं म्हणून दिलं तर ते दान कसलं, ती ठेव झाली. ठेवी गोळा करणं माझं काम आहे, त्यामुळे मला ठेव लांबूनही ओळखू येते.

विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचं, म्हणजे दोन छोट्या नाण्यांचंही तसंच. दरवर्षी अर्पणाच्या रविवारी आपण ते वाचतो आणि थैली फिरवतो. मार्काच्या शुभवर्तमानात दोनच वचनं मागे जाऊन बघा. येशू शास्त्र्यांबद्दल म्हणतो, हे विधवांची घरं खाऊन टाकतात. त्यानंतर लगेच ही बाई येऊन आपली सगळी उपजीविका पेटीत टाकते. त्याने तिचं कौतुक केलं ते खरंच, पण पेटी सांभाळणाऱ्यांना मोकळं सोडलं असं मला वाटत नाही. म्हणून मंडळीच्या खजिनदाराकडे हिशोब मागितला म्हणजे विश्वास कमी पडला, असं तुम्ही मानू नका. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना पौलाने मुद्दाम सोबत माणसं घेतली, कुणी बोट ठेवू नये म्हणून. इथे चर्चमध्ये तांदळाचा आकडासुद्धा वाचून दाखवतात.

आई, आता तुझं. बाबांच्या वहीत तुझी एक ओळ नाही. शेजारच्या काकूंच्या मुलीची फी तू ब्लाऊज शिवून भरलीस, ते कुठे लिहिलंय? रात्री साडेआठला दारात आलेल्या बाईला दिलेली भाकरी, आणि त्या रात्री "मला भूक नाही" म्हणणारी तू? नारायण वामन टिळकांचं तू सांगायचीस ना, 1917 साली त्यांनी मिशन सोडलं आणि पगारही सोडला, सगळे वाहवा करतात, पण चूल लक्ष्मीबाईंना पेटवायची होती. बाबांचा दशमांश निघायचा कारण उरलेले नऊ भाग तू ताणून दहा करायचीस. इथल्या बायकांचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. स्वयंपाकघरातलं देणं त्यांनी चर्चच्या हिशोबात आणून बसवलं. आपल्याकडे ते "आईचा स्वभाव" म्हणून सोडून देतात.

आपल्या कापणीच्या सणाला मात्र तू दिसायचीस. तू आणलेला भोपळा, बाबांनी लिलाव पुकारायचा, कुणीतरी घ्यायचं आणि पुन्हा दान करायचं, मग तोच भोपळा पुन्हा लिलावात. एका वर्षी तो पाचदा विकला गेला आणि शेवटी बाबांनीच घेतला. आठवडाभर आपण भोपळा खाल्ला! देताना माणसं इतकी हसू शकतात हे मी तिथे पाहिलं. नोकरी लागल्यावर विसरले.

तर मी काय केलं ते सांगते. चार महिने झाले, पगार जमा झाला की पहिला दहावा भाग वेगळा काढते. थोडा इथल्या चर्चला, थोडा आपल्या मंडळीला, आणि थोडा दोन मुलींच्या नर्सिंगच्या फीला. नावं सांगत नाही, डाव्या हाताला कळू नये म्हणतात. खरं सांगू? पहिल्या महिन्यात पोटात गोळा आला. दुसऱ्या महिन्यात मी मनातल्या मनात देवाला पावती मागत होते. तिसऱ्या महिन्यात विसरले, आणि बहुतेक तेच बरं झालं.

आणि पत्र्याचे पैसे तुमच्या खात्यात टाकलेत, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचेही. बाबा, ते परत पाठवू नका आणि त्यातून दशमांशही काढू नका. हे दान नाही. कर्बानाचं वचन तुम्हीच मला रविवारच्या शाळेत पाठ करून घेतलं होतं: आईबापांना द्यायचं ते "देवाला वाहिलं" म्हणून टाळणाऱ्यांना येशू काय म्हणाला ते. आपल्या वादात तुम्ही ते विसरला होतात आणि मी सोयीने आठवत होते. दोघांचीही फिटंफाट.

पावसाआधी पत्रेवाल्याला बोलवा. ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, मी आठवडाभर रजा काढून येते.

आणि आई, एक काम आहे. पीने विचारलं, तुझी आई डब्यात काय टाकत असेल? मी म्हटलं, आमच्याकडे बाजरी. तिला बाजरी माहीतच नाही. फोनवर फोटो दाखवला तर म्हणाली, "हातात घेतल्याशिवाय कसं कळणार?" तेव्हा पुढच्या पार्सलमध्ये पाठव थोडी. एक मूठच पाठव, वजन वाढलं की कुरिअरवाला फार पैसे लावतो.

तुमची,
लेक