पॅनलवरचा स्विच ‘ऑटो’वर आहे ना?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वर्धा रोडवरच्या एका सात मजली ऑफिस इमारतीच्या तळघरात, चिलर प्लांटवर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्रांवर, मी अकरा उन्हाळे काढले. यंदा निवृत्त झालो. नव्या इमारतींच्या जाहिरातींत ‘बीएमएस’ हा शब्द हल्ली मोठ्या अक्षरांत असतो, म्हणून लिहितोय.

बीएमएस म्हणजे एसी, पंप, लिफ्ट, फायर अलार्म या सगळ्यांवर एका जागेवरून लक्ष ठेवणारी यंत्रणा. मजल्यामजल्यावर एएचयू, म्हणजे पंख्याने गार हवा खोल्यांत सोडणारं यंत्र, असतं आणि त्याच्यापाशी कंट्रोलर असतो. भिंतीवरचा सेन्सर त्याला तापमान कळवतो. ठरवलेल्या 24 अंशांच्या वर पारा गेला की तो गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, खोली गार झाली की मिटवत आणतो, पंखाही हळू करतो. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मीच लागते. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश काही नवीन नाहीत, त्यामुळे ही बचत लहान नाही.

पण एएचयूच्या विजेच्या पॅनलवर एक छोटा स्विच असतो. हँड, ऑफ, ऑटो. हँडवर टाकला की मशीन सरळ चालू, संगणकाचं काही चालत नाही.

आमच्या चौथ्या मजल्यावर नव्या केबिन बांधल्या आणि सेन्सर नेमका एका रिकाम्या केबिनमध्ये अडकला. पडद्यावर 23 अंश, बाहेर बसलेली माणसं घामाघूम. दर तासाला फोन. शेवटी एएचयू हँडवर टाकला, दोन दिवसांसाठी म्हणून. सेन्सर हलवायचा अर्ज वरती पडून राहिला आणि स्विच तसाच राहिला, दीड वर्ष.

मग फायर ड्रिल झालं. घंटा वाजली, लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडल्या, इतर मजल्यांचे पंखे थांबले. चौथ्याचा थांबला नाही. आमच्याकडे आगीचा सिग्नल फक्त ऑटोच्याच वायरिंगमधून जात होता. मी एएचयू रूममध्ये गेलो, वहीचं पान फिल्टरसमोर धरलं, ते चटकन चिकटून बसलं. खरी आग असती तर या पंख्याने धूर ओढून सगळ्या मजल्यावर फेकला असता. तो स्विच मीच फिरवला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. माझी विनंती एवढीच, की त्या तपासणीत अलार्म वाजवून प्रत्येक मजल्याचा एएचयू खरोखर थांबतो का, हे तिथे उभं राहून पाहावं. स्विच हँडवर ठेवूनही पाहावं. नाही थांबला तर वायरिंग बदलून घ्यावं. पॅनलवाल्याला ते अवघड नाही. आणि तळघरातला ऑपरेटर सेन्सर हलवा म्हणून अर्ज देतो, तेव्हा तो त्याच आठवड्यात वाचावा.

आपला,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर,
मानेवाडा, नागपूर