विधेयक दिल्लीत कुठे अडले, हे जनतेला कळले पाहिजे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राज्यपाल आणि राष्ट्रपती यांनी विधेयकांवर किती काळात निर्णय घ्यावा, याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी आपले मत दिले. घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालून देऊ शकत नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असे गृहीत धरता येणार नाही, असे या मताचे सार आहे. त्यामुळे त्याच वर्षी एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या खटल्यात राष्ट्रपतींसाठी सांगितलेली तीन महिन्यांची मर्यादा मागे पडली. घटनेचा शब्दशः अर्थ घेतला तर हे मत पटण्यासारखे आहे. पण त्यामुळे राष्ट्रपतींकडे रखडणाऱ्या राज्यांच्या विधेयकांचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो, आणि तो आपल्या महाराष्ट्राचाही आहे.

संसदेच्या विधेयकाचा मार्ग अनुच्छेद १११ मध्ये आखून दिलेला आहे. राष्ट्रपती संमती देतात, संमती रोखून ठेवतात किंवा, धन विधेयक (केवळ कर व सरकारी पैशांविषयीचे) नसेल तर, ते फेरविचारासाठी परत पाठवतात. सभागृहांनी ते पुन्हा मंजूर केले की मात्र संमती द्यावीच लागते. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांसंबंधीचे (जी सरकारी पदे घेतल्यास खासदारकी जाऊ शकते त्यांविषयीचे) विधेयक परत पाठवले, संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि त्यांनी त्यावर सही केली. मतभेद उघडपणे झाला आणि नियमाप्रमाणे मिटलाही. त्याउलट १९८६ मध्ये संसदेने मंजूर केलेले टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमतीही न देता आणि परतही न पाठवता तसेच ठेवले. नागरिकांच्या पत्रांची तपासणी करण्याचे अधिकार सरकारला देणारे ते विधेयक अडले हे चांगलेच झाले, असे माझे मत आहे. तरीही मौन बाळगून विधेयक थांबवता येते, हा पायंडा त्यातून पडला.

राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवलेल्या राज्याच्या विधेयकाची स्थिती याहून नाजूक असते. अनुच्छेद २०१ नुसार राष्ट्रपतींनी ते परत पाठवले तर विधिमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा असतो, पण राष्ट्रपतींवर मुदतीचे बंधन नाही आणि विधिमंडळाने पुन्हा मंजूर केले तरी संमती देण्याची सक्तीही नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच राष्ट्रपती निर्णय घेत असल्याने प्रत्यक्षात ही फाइल केंद्रीय मंत्रालयांत फिरत राहते.

नाशिक जिल्ह्यातील आम्हा लोकांनी दिल्लीची घाईही पाहिली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी विधेयके मंजूर झाली, त्यांतले शेवटचे २२ तारखेला, आणि २७ तारखेपर्यंत तिन्हींना संमती मिळाली. कांद्याच्या साठ्यावरील निर्बंध सैल करणारी दुरुस्ती त्यांतच होती, त्यामुळे लासलगावच्या बाजारात लिलावाला ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याशी तिचा थेट संबंध होता. त्याच महिन्यात कांद्याची निर्यातही बंद झाल्याने तो आधीच हवालदिल होता. पुढे हे कायदे मागे घेणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

त्यानंतर महिनाभरातच, डिसेंबर २०२१ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने महिला व बालकांवरील अत्याचारांसंबंधीचे शक्ती विधेयक मंजूर केले. विधानसभेत ते एकमताने संमत झाले होते. पोलिसांनी ठरावीक दिवसांत तपास संपवावा, अशी तरतूद असलेले हे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि वर्षानुवर्षे लोटली तरी ते कायदा म्हणून लागू झाले नाही. केंद्राचे काही तरतुदींवर आक्षेप असल्याचे नंतर बातम्यांतून समजले. त्यातील फाशीच्या तरतुदीविषयी माझ्याही मनात शंका आहेत, म्हणून हे विधेयक जसेच्या तसे मान्य व्हायलाच हवे होते असे मी म्हणत नाही. आक्षेप होते तर ते सकारण लेखी कळवून विधेयक वेळेत विधिमंडळाकडे परत यायला हवे होते, म्हणजे सभागृहाने त्यात दुरुस्ती केली असती.

घटनेच्या मसुद्यात राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत होती. १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दुरुस्तीने तिच्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द आले, तेव्हा निश्चित मुदत काढण्यास सदस्य एच. व्ही. कामथ यांनी संविधान सभेत हरकत घेतली होती. आज त्यांची हरकत रास्त वाटते. अनुच्छेद २०१ मध्ये तर राष्ट्रपतींसाठी हे मोघम शब्दसुद्धा नाहीत. केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करणाऱ्या सरकारिया आयोगाने अशा विधेयकांसाठी चार महिन्यांची मुदत सुचवली होती आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या ज्ञापनात (कार्यालयीन सूचनापत्रात) ती तीन महिन्यांची आहे. केंद्राने स्वतःच ठरवलेली ही मुदत पाळायला घटनादुरुस्तीची गरज नाही.

नाशिक जिल्ह्यातील आमदारांना माझी विनंती आहे की, राष्ट्रपतींकडे पाठवलेले प्रत्येक विधेयक कधी गेले, कोणत्या मंत्रालयाने कोणता आक्षेप घेतला आणि राज्याने काय उत्तर दिले, याचे निवेदन सरकारने प्रत्येक अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावे, अशी मागणी त्यांनी येत्या अधिवेशनातच पक्षभेद बाजूला ठेवून करावी.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक