एक किलवरच्या पुढचा रस्ता दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या त्या रविवारी नागपुरात महाल भागातल्या तुमच्या ओसरीवर मी बावीस पानांची वही घेऊन आले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, कूलर घरघरत होता आणि मला फक्त एका गोष्टीवर तुमची मोहोर हवी होती: ब्रिज या पत्त्यांच्या खेळात बोली लावायची आम्हा बहीणभावाची एक किलवरची पद्धत. (बोलींचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, बिनहुकूम.) १६ किंवा जास्त गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) असले की एक किलवर, आणि मग जोडीदाराने आपला हात उलगडून सांगायचा. विचारणाऱ्याने दर वेळी फक्त पुढची सगळ्यात स्वस्त बोली द्यायची, तिचा अर्थ एकच, ‘अजून सांग’. हा रिले आम्हाला फार आवडला होता. उत्तरं मात्र आम्ही सुचतील तशी लिहीत गेलो होतो.

तुम्ही वही पूर्ण वाचली. एकही पान गाळलं नाही. मग म्हणालात, “काहून घाई करतेस पोरी? आधी घर मोज, मग सामान लाव.”

त्या मोजणीसाठी हे पत्र लिहिते आहे. ती मी आधी कुठे वाचली असती तरी मला कळली नसती, कारण तुम्ही ती गणिताने नाही, लघु-गुरूने समजावलीत. शाळेत आयुष्यभर छंद शिकवलेल्या माणसालाच ते सुचावं. उत्तर देणारा एखादी बोली ओलांडून पुढे गेला की एक मात्रा खर्च, तो लघु. त्याने बोली दिली की तिच्यामागून रिलेही येतो, म्हणून दोन मात्रा, तो गुरू. आता ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येते? १, २, ३, ५, ८, १३. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात छंदांसाठी मांडलेला हाच हिशेब, आणि ही मालिका ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं, हे सांगताना तुमचा आवाज किंचित वर गेला होता.

मग तुम्ही माझ्याच वहीच्या मागच्या पानावर आखलंत. एक किलवर, त्याला उत्तर एक बदाम, मग रिले एक इस्पिक. इथून एक बिनहुकूम हे पहिलं पाऊल धरलं तर तीन किलवर हे सातवं. तिथे नेमकं पोचायचे १३ मार्ग. त्यांतले ५ पहिल्या पावलातून निघतात, ३ दुसऱ्यातून, २ तिसऱ्यातून, पुढे एकेक किंवा तेही नाही. म्हणजे ज्या गटात वाटण्या (चार रंगांत किती-किती पानं) सगळ्यात जास्त, तो गट सगळ्यात स्वस्त बोलीवर हवा. आणि मी त्या पहिल्या पावलावर काय बसवलं होतं? ४-४-४-१. हा हात शंभरात जेमतेम तीनदा येतो, त्याचे पोटप्रकारही थोडेच. ४-४-३-२ मात्र शंभरात एकवीसहून जास्त वेळा, आणि त्याला मी वर माळ्यावर टाकलं होतं. तुम्ही ते खोडलं नाहीत. पेन्सिल माझ्या हातात दिलीत.

एक चौकट ही दुबळ्या हाताला ठेवावी की नाही, यावर आपलं जमलं नाही, आठवतं? सगळ्यात स्वस्त बोली ० ते ७ गुणांवर उधळणं तुम्हाला खटकत होतं. मला अजूनही वाटतं की ती तिथेच असावी. उघडणाऱ्याकडे १६ गेले की तिघांत उरले २४, सरासरी प्रत्येकी ८, म्हणजे दुबळा हात जवळपास निम्म्या वेळा येणारच. तुम्ही ऐकून घेतलंत आणि “मग तसंच राहू दे, पण मग बाकीचं काटकसरीने,” म्हणालात. पंचवीस वर्षं टेबलावर बसलेल्या माणसाने माझं म्हणणं असं मान्य केलं, याचंही मोल मला आहे.

उत्तरांचे तक्ते पाच होते, तुम्ही एक केलात. बदामाचा असो की चौकटीचा, आधी लांब रंग, मग दुसरा रंग, मग आखूड रंग वरचा की खालचा, हा क्रम तोच ठेवायचा, फक्त जागा सरकवायची. न्यूझीलंडच्या सिमेट्रिक रिले या बोली-पद्धतीचं मर्म हेच, आणि ती रचणाऱ्यांत १९६३ मध्ये फिरत्या कृष्णविवराचं समीकरण सोडवणारे रॉय केर होते, हेही तुमच्याकडूनच कळलं. शिवाय तुमची अट होती: समोरच्या जोडीने अर्थ विचारला तर एका दमात सांगता आलाच पाहिजे. ज्या उत्तरावर आम्ही अडखळलो, ते तुम्ही सरळ काढून टाकलंत.

गेल्या महिन्यात ते एक पान आमच्या कामी आलं. माझ्याकडे इस्पिक राजा-चव्वी, बदाम तीन छोटी, चौकट एक्का-राजा-छक्की, किलवर एक्का-राजा-गुलाम धरून पाच. भावाने एक बदाम म्हणून इस्पिक दाखवले, आणि मी फक्त विचारत गेले. पाच इस्पिक, चार किलवर, तीन चौकट, एकच बदाम. मग एक्क्याचे दोन आणि राजाचा एक असे कंट्रोल विचारले, उत्तर आलं दोन. एक्का इस्पिकचा निघाला. माझ्या तीन छोट्या बदामांसमोर त्याचं एकच पान. सहा किलवर, म्हणजे तेरापैकी बारा हात करायचा शब्द. एक बदाम दिला, दोन त्याच्या हातात कापले, बारा हात झाले. दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर तीन बिनहुकूम (नऊ हात) बोललं गेलं आणि बदामाच्या लीडवर, म्हणजे विरोधकांनी आधी बदाम खेळताच, पडलं. माझा सगळा हात शेवटपर्यंत झाकलेला होता, भावाचा तर डमी म्हणून, म्हणजे टेबलावर उघडा मांडायचा हात म्हणून, उघडणारच होता. डाव संपला तेव्हा भावाने टेबलाखालून माझा हात दाबला. मला त्या क्षणी तुमची ओसरी दिसली.

काका, तुमचे मनापासून आभार. तुम्ही त्या दुपारी जेवणही पुढे ढकललं होतंत, काकूंनी दोनदा हाक मारली होती. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

एक प्रश्न उरला आहे. एक किलवरवर विरोधकांनी डबल (बोलीची किंमत दुप्पट करणारी हाक) दिला तर आमचा रिले तसाच चालतो, पण एक इस्पिक मध्ये टाकला की सगळी पावलं सरकतात. पास आणि डबल या दोन नव्या बोली आम्हाला मिळतात, त्या कुणाला द्यायच्या यावर आमचं अडलंय. या रविवारी संध्याकाळी येते, संत्रा बर्फी घेऊन. पेन्सिल तुमच्याकडेच राहिली आहे.

तुमची,
बावीस पानांची वहीवाली